बँकॉकमध्ये घातलेलं गाऱ्हाणं

मी घरी परत आलो तो इबरामचाचामुळे. हे आधी लिहून टाकतो. पुढे जे सांगायचं आहे त्यात माझा संताप फार आहे, आणि संतापाच्या भरात उपकार सांगायचे राहून जातात.

इबरामचाचा जयगडच्या खाडीकाठचा. आमच्या जहाजावर तो भंडारी होता. जहाजावर स्वयंपाक करणाऱ्याला भंडारी म्हणतात, हे मला जहाजावर चढल्यावर कळलं. मी सावर्ड्याच्या आतल्या अंगाला डोंगरात असलेल्या एका वाडीतला. सातवीनंतर शाळा सुटली, मुंबईत चार ठिकाणी भांडी घासली, आणि एका ओळखीने मालवाहू जहाजावर चाचाच्या हाताखाली लागलो. आमच्या रत्नागिरीकडे भंडारी म्हणजे जात, माडी काढणारी. पहिल्याच पत्रात मी आईला कळवलं की काळजी करू नको, इथला भंडारी मला सांभाळून घेतो. आईने कुणाकडून तरी उत्तर लिहून घेतलं : भंडारी आहे तर आपल्या खालच्या वाडीतल्या कुणाचा पाव्हणा लागतो का विचार, आणि परक्या मुलखात माडी पिऊ नको.

मी ते चाचाला वाचून दाखवलं. तो हसून हसून पिठाच्या पोत्यावर बसला.

"तिला लिव," तो म्हणाला, "मी मुसलमान भंडारी हाय. माडी नाय काढीत, चपात्या काढतो."

ठेंगणा, काटक माणूस. दाढीला मेंदी, खांद्यावर कायम एक पंचा. बोलायला लागला की आवाज गलबतावरून किनाऱ्यावरच्या माणसाला हाक मारावी तसा. आणि रागीट! पण त्याचा राग वेगळ्या जातीचा होता. स्वतःचं बोट कापलं, कढईचं तेल अंगावर उडालं, पगार उशिरा झाला, तर तो नुसतं "असूं दे" म्हणायचा. दुसऱ्यावर काही आलं की मात्र आधी पंच्याला दोन्ही हात स्वच्छ पुसायचा आणि मग म्हणायचा, "हा काय न्याय झाला?" त्याने हात पुसायला घेतले की आम्ही खलाशी कामं टाकून बघायला यायचो, आज कुणाची पाळी आहे ते.

एकदा कोलंबोला शिधा चढला. साहेबलोकांसाठी चांगले कांदे आणि आमच्यासाठी निम्मे सडलेले, वेगळ्या पोत्यात. चाचाने काही भांडण केलं नाही. त्या दिवशी सडक्या कांद्यांचीच आमटी केली आणि कप्तानाच्या टेबलावरही तीच पाठवली. कप्तानाने बोलावून विचारलं तर म्हणाला, "साहेब, मना वाटलं पोटं सगळ्यांची सारखी." पुढच्या बंदरावर एकाच पोत्यातले कांदे आले.

हे सगळं तो मराठीतच बोलायचा. समोरचा बंगाली असो, चिनी असो, नाहीतर गोरा. मी एकदा म्हटलं, "चाचा, तुमाला हिंदी येते, इंग्लिश पण थोडं येतं, मग त्यात बोला ना."

"सावर्ड्या," तो म्हणाला. माझं नाव त्याने कधी घेतलंच नाही, मी सावर्ड्याकडचा म्हणून सावर्ड्या. "मागायचं असंल तर त्यांच्या भाषेत मागावं. राग मात्र आपल्या भाषेत काढावा. दुसऱ्याच्या भाषेत रागावलं ना, तर भीक मागितल्यासारखं दिसतं."

बँकॉकच्या बंदरात जहाज लागलं आणि माझ्या पोटात असं दुखायला लागलं की उभं राहवेना. अपेंडिक्स होतं. दवाखान्यात नेलं, पोट कापलं. तोवर माल उतरून जहाज निघायची वेळ झाली. कप्तान म्हणाला, पेशंट राहू दे, बरा झाला की कंपनीचा इथला एजंट त्याला घरी पाठवील. चाचा म्हणाला, त्याला ना इथली भाषा येते ना तुमची, शुद्धीवर आला की हाक कुणाला मारील? कप्तान म्हणाला, "भंडारी, जहाज म्हणजे काय धर्मशाळा नाही."

"मग मना पण उतरवा," चाचा म्हणाला, आणि आपली पिशवी भरून धक्क्यावर उतरला.

हे मला नंतर त्यानेच सांगितलं. सांगताना आपण काही मोठं केलं असं त्याच्या गावीही नव्हतं. ते धर्मशाळेचं वाक्य आठवून त्याचा रागच पुन्हा वर येत होता. मी डोळे उघडले तेव्हा पहिल्यांदा कानावर पडलं ते त्याचं नर्सबाईशी चाललेलं भांडण. पोट शिवलेल्या माणसाला बर्फाचं पाणी कसं देता, असं तो तिला मराठीत विचारत होता आणि ती बिचारी हसून मान हलवत होती. घरापासून एवढ्या लांब, पोटाला टाके, कुणी ओळखीचं नाही, अशा वेळी ते भांडण ऐकून मला जे वाटलं ते लिहिता येणार नाही.

आता एजंटचं सांगतो. आमचे दोघांचे पासपोर्ट आणि खलाशाची पुस्तकं त्याच्या कचेरीच्या कपाटात. ती नसली तर जहाजावरच्या माणसाला कुठे जाता येत नाही, की कुठे काम धरता येत नाही. कंपनी म्हणे तिकिटं एजंटने काढावीत, एजंट म्हणे कंपनीने काढावीत. मधे आम्ही. सुरुवातीला एका लॉजमध्ये ठेवलं. मग एका सकाळी लॉजवाल्याने आमच्या पिशव्या दाराबाहेर ठेवल्या. एजंटने त्याला कळवलं होतं की यापुढे आमची जबाबदारी नाही. आम्हाला कळवायची तसदी कुणी घेतली नव्हती!

माझे टाके ओले होते म्हणून दोन्ही पिशव्या चाचाने घेतल्या, एक पाठीवर आणि एक छातीवर. असा पुढून-मागून फुगलेला ठेंगणा माणूस त्या शहरातून वाट काढत पुढे चालायचा आणि मी पोटावर हात धरून मागे. केवढं शहर ते! रस्त्याला लागलेल्या गाड्या तासन् तास हलत नाहीत. दोन इमारतींच्या मधून काळ्या पाण्याचा कालवा, आणि त्यावरही होड्यांची गर्दी. बस पुरती थांबतच नाही, धावत धरायची. कंडक्टर हातातली तिकिटांची पत्र्याची नळी खडखड वाजवत येतो. चाचा माझ्या दंडाला धरून आधी मला आत ढकलायचा आणि मग दोन्ही पिशव्यांसकट स्वतः आत पडायचा. एका कंडक्टरणीने त्याला बघून आपली जागा सोडली. त्या जागेवर त्याने मला बसवलं आणि पिशव्या माझ्या पायाशी ठेवून स्वतः नळी कशी वाजवतात ते निरखत उभा राहिला.

प्रत्येक इमारतीच्या दारात एक खांब आणि त्यावर देवळासारखं छोटं घर असतं तिथे. फुलांची माळ, उदबत्ती, सरबताचा पेला. आपल्याकडे वाडीच्या वेशीवर राखणदार देव असतो, तसाच हा त्यांचा. चाचाला ते फार पटलं. "हिते कचेरीला पण राखणदार हाय," तो म्हणाला. "मग कचेरीतली माणसं अशी कशी?"

खायचं म्हणजे सकाळी पेज. कालव्याच्या कडेला एक म्हातारी मऊ तांदळाची पेज विकायची, अगदी आपल्याकडच्यासारखी, वरून आल्याचे तुकडे. पण तिच्या पातेल्यात कसलं मटण आहे हे कसं विचारायचं? चाचा डुकरासारखा आवाज काढायचा आणि बोट हलवून "नाय, नाय" करायचा. मग कोंबडीसारखा कुक्कुक करून मान डोलवायचा. म्हातारीला एवढं हसू यायचं की ती शेजारच्या दुकानदारिणींना बोलावून त्याला पुन्हा करायला लावायची. दुसऱ्या दिवसापासून आम्हाला लांबून बघितलं की ती स्वतःच कुक्कुक करायची आणि आमच्यासाठी वेगळ्या पातेल्यातली, नुसत्या तांदळाची पेज काढून ठेवायची.

राहायचा प्रश्न होता. कुणीतरी सांगितलं, नदीकडे एका गल्लीत परदेशी फिरस्ते उतरतात, तिथे खोल्या फार स्वस्त. गेलो. गल्लीभर गोरी पोरं-पोरी, केस वाढवलेली, पायांत फाटक्या चपला, पाठीवर आमच्याएवढ्याच पिशव्या. काहींचे कपडे आमच्यापेक्षा मळके होते. एका घराच्या दारात बाई बसली होती. आमच्यापुढचा गोरा, अंगात शर्टसुद्धा नाही, त्याला हसून किल्ली दिली. आमच्याकडे बघून म्हणाली, "नो रूम."

आम्ही वळलो तोच आणखी दोघे गोरे आले. त्यांना खोली मिळाली.

चाचाने पिशव्या खाली ठेवल्या आणि पंच्याला हात पुसले. "हा काय न्याय झाला? त्याच्या पाठीवर पिशवी, माज्या पण पाठीवर पिशवी. तो हौसेनं भिकारी झालाय, तर त्याला खोली. मी मजबुरीनं हिंडतोय, तर मना रस्ता?"

बाईला काही कळलं नाही, पण तिने दार लोटलं. त्या गोऱ्यांपैकी एक पोरगा बाहेर आला. चांगला होता बिचारा, त्याने केळी दिली. चाचाच्या दोन पिशव्या बघून कौतुकाने विचारलं, किती दिवस हिंडताय? पुढे कुठे जाणार?

"होम," चाचा म्हणाला.

"अँड आफ्टर दॅट?"

चाचा माझ्याकडे बघून म्हणाला, "काय विचारतो हा? घराच्या पुढं कुटं जातात?"

मला त्या पोराचा तेव्हाही राग आला नाही. पण घरी जाता येणं ही काही मोठी गोष्ट आहे, हे ज्याला माहीतच नाही अशा माणसाशी काय बोलायचं?

शेवटी एका बौद्ध देवळाच्या आवारातल्या मांडवात पाठ टेकायला जागा मिळाली. चाचाने तिथल्या म्हाताऱ्या भिक्षूला खुणेने विचारलं, मी इथे नमाज पढला तर चालेल का? भिक्षूने कोपऱ्यात झोपलेल्या कुत्र्याला उठवलं, स्वतः झाडू मारला आणि जागा दाखवली. "बग," चाचा मला म्हणाला, "याला आपली भाषा येत नाय. तरी ह्याला कळलं."

रोज सकाळी पेज खाऊन आम्ही एजंटच्या कचेरीत जायचो. काचेचं दार, आत थंडगार हवा. तिथला मॅनेजर टाय लावणारा, गोल चेहऱ्याचा, रंगाने आपल्यासारखाच. मद्रासकडचा असावा अशी आमची समजूत. तो आमच्याशी फक्त इंग्रजी बोलायचा, तेही दारातून अर्धा बाहेर येऊन. "टुमारो." सोफ्यावर बसू द्यायचा नाही, पिशव्या घाण आहेत म्हणून. चाचा त्याच्या तोंडावर मराठीत सांगायचा, "ह्या टोणग्याच्या तोंडावरची माशी तरी हलते काय बग. आईनं ह्याला पेजेऐवजी पोर्टलँड सिमेंट पाजलाय." आणि तो माणूस थंडपणे पुन्हा म्हणायचा, "टुमारो."

माझ्या टाक्यांतून पाणी यायला लागलं होतं. मी सांगत नव्हतो, पण चाचाने पाहिलं. त्या दिवशी कचेरीत कुणी मोठे पाहुणे आले होते, सोफ्यावर बसून कॉफी पीत होते. मॅनेजर आला, "टुमारो" म्हणाला आणि आत गेला. चाचाने पंच्याला हात पुसले. मग नेहमीसारखा ओरडला मात्र नाही. पंचा डोक्याला बांधला, दोन्ही हात जोडले आणि हलकेच म्हणाला, "सावर्ड्या, गाऱ्हाणं घालतो. मागनं तू बोलायचं."

गाऱ्हाणं म्हणजे तक्रार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आमच्याकडे गावाच्या देवासमोर उभं राहून, गावातर्फे एक माणूस मोठ्याने सगळं दुखणं सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला मागचा सगळा गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतो, त्यालाही गाऱ्हाणंच म्हणतात. चाचाच्या घराण्याला गावच्या शिमग्यात पालखीपुढे नारळाचा मान होता. लहानपणापासून तो पुढे उभा राहून हे ऐकत आलेला.

"इथं?" मी म्हटलं. "चाचा, आपल्याला पोलिसात देतील."

"दे म्हणावं. पोलिसात जेवण तरी हाय." आणि त्याने खाडीपलीकडे जाईल असा आवाज लावला, "बा मालका म्हाराजा!"

देवा म्हटलं नाही, मालका म्हटलं. ते त्यालाही चालत होतं आणि मलाही.

"व्हय म्हाराजा," मी पुटपुटलो.

"मोठ्यानं बोल रे! टाके पोटाला हायत, गळ्याला नायत. बा मालका म्हाराजा! ही तुजी दोन लेकरं, एक खाडीवरचा आन् एक डोंगरातला, परक्या मुलखात तुज्या पायाशी उभी हायत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कॉफीचे पेले हवेतच थांबले. टंकलेखन करणाऱ्या मुली उभ्या राहिल्या. एकीने तर हात जोडले.

"चोरी केली नाय, दारू पिवन दंगा केला नाय, आजारी पडला एवडाच ह्याचा गुन्हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्या कुणी आमचा घरचा रस्ता कपाटात कोंडून ठेवलाय, त्याच्या पण घरी त्याची आई दारात वाट बगत असंल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी आवाज दोन आले. एक माझा. दुसरा आतल्या खोलीच्या दारातून. मॅनेजर तिथे उभा होता, आणि ते शब्द त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडले होते, लहानपणी देवळात बापाचं बोट धरून म्हटले असतील तसे. त्याने तोंडावर हात नेला, पण उशीर झाला होता.

तो आपल्याकडचा होता! कोकणातला! इतके दिवस आमचा शब्द न् शब्द त्याला कळत होता. माझ्या टाक्यांविषयी चाचा बोलला ते कळलं होतं, मांडवात झोपतो ते कळलं होतं, आणि तरी तो "टुमारो" म्हणत होता. आज इतकी वर्षं झाली, कप्तानाला मी माफ केलं, त्या गल्लीतल्या बाईलाही केलं. या माणसाला नाही.

तो पुढे आला आणि खालच्या आवाजात मराठीत म्हणाला, "चाचा, पुरे. आत या."

"इतके दिवस तुना मराठी येत होती?"

"मी काय करणार? माझी नोकरी आहे."

"आमची पण होती," चाचा म्हणाला.

त्याच दिवशी दोघांचे पासपोर्ट आणि पुस्तकं हातात आली. तिकीट मात्र एकच निघालं. चाचाने ते माझ्या खिशात घातलं. मी रडलो, नाही म्हटलं. तो म्हणाला, "दुखणेकऱ्यानं हुज्जत घालायची नसते." स्वतः तो पुढे कितीतरी दिवसांनी आला, एका दुसऱ्या जहाजावर फुकट स्वयंपाक करत.

आणि आल्यावर त्याला काय मिळालं? त्या मॅनेजरने कंपनीला कळवलं होतं, असं नंतर खलाशांकडून कानावर आलं : भंडारी कचेरीत येऊन शिव्याशाप देतो, माणसांना भडकवतो. तेव्हापासून चाचाला जहाज नाही. मी त्याला भेटायला जयगडला गेलो तो मस्कतला निघायच्या आधी. मला तिथल्या एका कामगार वसाहतीच्या कँटीनमध्ये काम मिळालं होतं. चाचा आता खाडीकाठच्या गावांतून लग्नकार्याची जेवणं करतो. आम्ही धक्क्यावर बसलो. बायको ओरडते, गुडघे दुखतात, यंदा बांगडा नाही, असं बरंच बोलला. शेवटी मी विचारलं, "पुन्हा गेला नाहीत मुंबईला, कंपनीच्या कचेरीत?"

"गेलतो. बोलले, तुज्यावर शेरा हाय."

"कसला शेरा?"

"इंग्लिशमधी हाय. मना कोण वाचून दाखवतोय?"

मी वाट बघत होतो की तो आता उसळेल, विचारेल की हा काय न्याय झाला. तो नुसतं "असूं दे" म्हणाला आणि माझी गाडी चुकेल म्हणून मला उठवलं. मी चढण चढून वळणावर आलो आणि मागे बघितलं. एक मालवाहू जहाज लांब समुद्रात दक्षिणेकडे चाललं होतं. डोळ्यांवर हात धरून तो त्याच्याकडे बघत उभा होता. कुणीतरी बाजूने हाक मारत होतं, ती त्याला ऐकू येत नव्हती.

दुसऱ्याच्या पोटासाठी कप्तानाच्या टेबलावर सडके कांदे पाठवणारा हा माणूस, स्वतःचा समुद्र हिरावला गेला तरी गप्प राहतो. मला ते सहन होत नाही.

इथे मस्कतला माझ्याबरोबर एक केरळचा माणूस काम करतो. काम संपलं की तो मला इंग्रजी वाचायला शिकवतो. औषधाच्या बाटल्या, डब्यांवरची कागदं, जुनी वर्तमानपत्रं, मिळेल ते मी वाचतो. पुढच्या सुट्टीत आलो की चाचा, मी तुम्हाला घेऊन मुंबईच्या त्या कचेरीत जाणार आहे. तुमच्यावरचा शेरा काढायला लावून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणार आहे, त्यातला खोटेपणा एकेक शब्द दाखवणार आहे, आणि तो खोडल्याशिवाय तिथून हलणार नाही. तुम्ही मला घरी पोचवलंत. मी तुम्हाला जहाजावर चढवीन.